खडूच्या फुलांवरचा नाच

दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एखाद्या बड्या घरात नाचाची रात्र ठरली, की आदल्या दिवसापासून तिथे चित्रकार कामाला लागे. गुडघे टेकून तो दिवाणखान्याच्या लाकडी जमिनीवर रंगीत खडूने वेली काढायचा, फुलं काढायचा, मधोमध यजमानांचं घराणेचिन्ह रेखायचा. रात्री पाहुणे येत, दारात थबकून ते चित्र डोळे भरून बघत आणि मग त्याच्यावरच नाचू लागत. पहाटेपर्यंत सगळी फुलं बुटांच्या तळव्यांना लागून गेलेली असत.

आपण रांगोळीत वाढलेली माणसं. काढलेलं पुसलं जाणार, हे आपल्याला नवं नाही. तरी आपण रांगोळीला वळसा घालून जातो. ही फुलं मात्र पाय पडावेत म्हणूनच काढलेली होती. मेण घासून गुळगुळीत केलेल्या लाकडावर नव्या चामड्याचे तळवे घसरत आणि खडूची भुकटी पाय धरून ठेवी. जुनाट जमिनीवरचे डागही त्याखाली झाकले जात. घसरून पडू नये म्हणून शोधलेला उपाय, आणि तो इतका देखणा! त्या काळातल्या बॉलची, म्हणजे नृत्यसमारंभाची, कुठलीही बाजू उलगडून पाहिली की हेच आढळतं. सौंदर्याच्या पोटात एखादी साधी गरज असते आणि गरजेच्या पोटात सौंदर्य.

त्या काळाला रीजन्सी म्हणतात. राजा तिसरा जॉर्ज मनोविकाराने राज्यकारभाराला असमर्थ ठरला आणि ५ फेब्रुवारी १८११ रोजी त्याच्या थोरल्या मुलाने ‘प्रिन्स रीजंट’, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणारा युवराज, म्हणून सूत्रं हाती घेतली. जानेवारी १८२० मध्ये राजा वारला आणि रीजंट स्वतः चौथा जॉर्ज झाला. जेमतेम नऊ वर्षांचा हा काळ. याच नऊ वर्षांत आपल्याकडे खडकीची लढाई झाली आणि पेशवाई बुडाली. जेन ऑस्टिनच्या सहाही प्रसिद्ध कादंबऱ्या याच काळात छापून आल्या. फॅशनचे अभ्यासक मात्र १७९५ च्या आसपासपासून पुढच्या पंचवीस-तीस वर्षांना मिळून रीजन्सी म्हणतात, कारण उंच कमरेचे गाऊन आणि हे नाच तेवढा काळ टिकले.

आज हा काळ पुन्हा अंगावर चढवणारी माणसं जगभर आहेत. इंग्लंडमधल्या बाथ शहरात २००१ पासून दर सप्टेंबरात जेन ऑस्टिन महोत्सव भरतो. शेकडो लोक त्या काळच्या पोशाखात रस्त्यांवरून मिरवत जातात आणि रात्री बॉल रंगतो. उत्तर अमेरिकेत १९७९ मध्ये स्थापन झालेल्या जेन ऑस्टिन सोसायटीच्या वार्षिक संमेलनातही बॉल असतो. २०२० मध्ये याच काळावरची ‘ब्रिजर्टन’ मालिका आली आणि ज्यांनी ऑस्टिन वाचली नव्हती, त्यांनाही असा पोशाख घालून एकदा तरी नाचावंसं वाटू लागलं. असा बॉल आखायचा म्हणजे काय करायचं, याचा विचार सुरू केला की एकेक आश्चर्य समोर येतं.

पहिलं आश्चर्य आकाशात आहे. गावाकडचा बॉल ठरवताना यजमान आधी पंचांग बघत. रस्त्यांवर दिवे नव्हते, आणि अंधारात घोडागाडी खड्ड्यात जाणं म्हणजे जिवाशी गाठ. म्हणून नाच शक्यतो पौर्णिमेच्या आसपास ठेवत, म्हणजे पहाटे परतताना चांदणं असे. ऑस्टिनच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’मध्ये सर जॉन मिडल्टन पाहुणे जमवायला निघतात, तर चांदण्या रात्री असल्याने सगळ्यांनाच कुठे ना कुठे आमंत्रणं असतात. बर्मिंगहॅममधल्या शास्त्रज्ञांच्या आणि उद्योजकांच्या एका मंडळाने तर याच कारणाने ‘लूनर सोसायटी’ हे नाव घेतलं होतं; त्यांच्याही बैठका पौर्णिमेच्या सुमारास भरत. माणसांनी कधी भेटायचं, हे चंद्राने ठरवावं, यात मला फार मोठी काव्यमयता दिसते, आणि ती कुणी मुद्दाम आणलेली नव्हती.

चंद्र ठरला की जागा. बॉलची आखणी कशी करतात याचं सर्वांत जिवंत वर्णन हवं असेल तर ऑस्टिनचीच ‘एमा’ वाचावी. १८१५ च्या डिसेंबरात आलेली ही कादंबरी खुद्द प्रिन्स रीजंटला अर्पण केलेली आहे. तिच्यात एमा आणि फ्रँक चर्चिल खोली पावलांनी मोजतात, किती जोड्या मावतील याचा हिशोब करतात, जोड्या वाढत जातात आणि खोली पुरेनाशी होते. मग गावातल्या क्राउन खाणावळीची पाहणी होते. तिथे जेवण कुठे मांडायचं, बोळातून गार वारा लागेल का, यावर चर्चा होते. आज बॉल भरवणारेही अगदी हेच करतात. सभागृह लांबट हवं, कारण नाचाच्या रांगा लांब असतात. जमीन लाकडी हवी. फरशीवर किंवा सिमेंटवर तासभर उड्या मारल्या तर दुसऱ्या दिवशी गुडघे बोलतात. लाकूड किंचित दबतं आणि पायाला परत उचलून देतं.

अशा जागेचा मुकुटमणी म्हणजे बाथमधले अप्पर असेंब्ली रूम्स. जॉन वुड धाकटा याने ते बांधले आणि १७७१ मध्ये ते खुले झाले. नाचाचं दालन शंभर फुटांहून लांब आहे. छतातून पाच झुंबरं लोंबतात आणि त्या प्रत्येकात चाळीस मेणबत्त्या लागत. एका दालनात दोनशे ज्योती! सुरुवातीला दुसऱ्याच कारागिराची झुंबरं बसवली होती. त्यातल्या एकाचा हात निखळून खाली कोसळला आणि चित्रकार थॉमस गेन्सबरो थोडक्यात बचावला. मग विल्यम पार्करकडून नवी झुंबरं करून घेतली. दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल १९४२ मध्ये, बाँबहल्ल्यात ही इमारत आतून जळून गेली, पण झुंबरं आधीच काढून सुरक्षित ठेवलेली होती. इमारत पुन्हा उभी राहिली आणि तीच काच तिथे पुन्हा लखलखू लागली.

मेणबत्तीचा उजेड समजला की पोशाख समजतो. चरबीच्या मेणबत्त्या स्वस्त होत्या, पण धुरकट आणि वासाच्या. मधमाश्यांच्या मेणाच्या महाग होत्या, आणि मेणबत्त्यांवर सरकारी करही होता. असा मोलाचा, खालीवर हलणारा, सोनेरी उजेड पांढऱ्या मलमलीवर पडतो तेव्हा ती आतून उजळल्यासारखी दिसते. विजेच्या झगझगीत दिव्याखाली तेच कापड अगदी सपाट भासतं. म्हणून आजच्या आयोजकांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. खऱ्या ज्योतींना परवानगी नसेल तर बॅटरीच्या मेणबत्त्या चालतील, पण छतावरच्या ट्यूबलाइट तेवढ्या बंद करा. पोशाखावर घेतलेली महिनोन् महिन्यांची मेहनत त्या एका बटणाने दिसू लागते.

आणि ती मलमल कुठली? ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’मध्ये हेन्री टिल्नी मोठ्या अभिमानाने सांगतो की बहिणीसाठी त्याने पाच शिलिंग वाराने कापड घेतलं, आणि तेही अस्सल हिंदुस्थानी मलमल. ‘मॅन्सफील्ड पार्क’मधल्या लेडी बर्ट्रमला पूर्वेकडून शाल हवी असते, एक नव्हे, दोन. युरोपला तेव्हा प्राचीन ग्रीस-रोमचं वेड लागलं होतं. पाँपेईच्या उत्खननाने आणि संगमरवरी पुतळ्यांनी डोळे दिपले होते, आणि बायकांना त्या पुतळ्यांसारखं दिसायचं होतं. दगडात कोरलेली ती झुळझुळ अंगावर आणायला जे कापड लागलं, ते बंगालच्या विणकरांच्या हातून आलं होतं. पुढे इंग्लंड-स्कॉटलंडच्या गिरण्यांनी तशीच मलमल यंत्रावर काढली आणि ढाक्याचे माग थंडावत गेले, हे दुःखही त्याच कापडात विणलेलं आहे. काश्मिरी शालींची नक्कल स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावात १८०५ च्या सुमारास सुरू झाली आणि शालीवरच्या नक्षीला इंग्रजीत त्या गावाचंच नाव पडलं. ती नक्षी म्हणजे आपली कोयरी! आजीच्या साडीच्या पदरावरची कोयरी लंडनच्या बॉलमध्ये नाचली होती.

आज पोशाख शिवणाऱ्या कितीतरी जणी साडीतूनच गाऊन बेततात. साडेपाच मीटरची साडी हाती असली की काठ तळाच्या घेराला येतो, पदर पुढे किंवा बाह्यांना. मराठी वाचकाच्या कपाटात या पोशाखाचं कापड बहुधा आधीच घडी घालून ठेवलेलं असेल.

शिवणाचा क्रम मात्र उलटून चालत नाही. आधी सैल सुती शेमीज. त्यावर बंदांनी आवळायची ताठ चोळी. पुढच्या बाजूला मधोमध लाकडाची किंवा हाडाची सपाट पट्टी सरकवलेली असते. हे दोन्ही अंगावर घालून मगच गाऊनची मापं घ्यायची, कारण ती चोळी छाती वर उचलते आणि कंबर तिथूनच सुरू होते. नुसत्या अंगावर माप घेऊन शिवलेला गाऊन कितीही सुरेख असो, त्या काळचा दिसत नाही. गाऊनची पाठ अगदी अरुंद असते, खांद्याची शिवण मागे सरकलेली आणि बाह्या पाठीकडे खोल बसवलेल्या. तो घातला की खांदे आपोआप मागे जातात, मान उंचावते. ताठ कसं उभं राहायचं हे तिथे शिंपीच शिकवतो. जॅनेट आर्नल्ड यांनी संग्रहालयातले खरे गाऊन मोजून १९६४ मध्ये ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’ प्रसिद्ध केलं. तेव्हापासून त्यातल्या आकृत्यांवरून शिवणाऱ्यांच्या पिढ्या घडल्या. शिलाई मशीन त्या काळात घरोघर पोचलंच नव्हतं, म्हणून नेटाने शिवणारे आजही सगळं धावदोऱ्याने आणि तुरपाईने हातावर करतात. असा सरळ घेराचा गाऊन आला आणि घेरात लपणारे खिसे गेले, म्हणून हातात छोटा बटवा आला. कोपरावर पोचणारे पांढरे हातमोजे नाचताना हातात असायलाच हवेत. जेवायला बसताना ते काढायचे.

पुरुषांचा पोशाख साधा दिसतो, पण खरी क्रांती तिथे झाली. जॉर्ज ब्रमेल नावाच्या, कुठलीही पदवी नसलेल्या माणसाने जरी-मखमल बाजूला सारली आणि गडद निळा कोट, उत्तम बेत आणि कांजी केलेला पांढराशुभ्र गळपट्टा यांना प्रतिष्ठा दिली. श्रीमंती कपड्याच्या चमकण्यात नाही, बेतण्यात आहे, हे त्याने दाखवलं. आज लग्नात नवरदेव घालतो त्या सुटाचं मूळ तिथे आहे. ब्रमेल स्वतः मात्र १८१६ मध्ये कर्जापायी फ्रान्सला पळाला आणि परत आला नाही.

आता नाच. पडद्यावर पाहून वाटतं की हळुवार चालत चालत नजरानजर करायची. प्रत्यक्षात पावलं उसळती होती, बॅलेच्या कुटुंबातली. नृत्यशिक्षक थॉमस विल्सन यांनी १८०८ पासून लिहिलेल्या पुस्तकांत या नाचांच्या रचना बारकाईने दिल्या आहेत. चित्रपटांनी लोकप्रिय केलेला ‘मिस्टर बेव्हरिज्स मॅगट’ हा नाच तर १६९५ मध्ये छापला गेला होता. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधले डार्सी आणि एलिझाबेथ पडद्यावर तो नाचतात तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातला नाच नाचत असतात.

खरा राजा होता कंट्री डान्स. त्याची रचना समजली तेव्हा मी थक्क झाले. पुरुषांची एक रांग, समोर स्त्रियांची एक रांग. वादक बसतात ते रांगेचं वरचं टोक. सुराचे दोन भाग, प्रत्येक दोनदा वाजायचा, मिळून ६४ ठेके. साधारण अर्ध्या मिनिटाची एक फेरी. तेवढ्यात सर्वांत वरची जोडी शेजारच्या जोड्यांबरोबर हात जोडून चाक फिरवते, मधल्या वाटेने खाली जाऊन परत वर येते, किंवा गोफ विणावा तशी माणसांमधून आतबाहेर विणत जाते. ६४ वा ठेका पडतो तेव्हा ती जोडी एक घर खाली आलेली असते आणि शेजारची एक घर वर. सूर पुन्हा पहिल्यापासून, पण समोर आता नवी माणसं. असं करत वरची जोडी तळाला पोचते, वाटेत प्रत्येकाबरोबर नाचून झालेलं असतं; आणि जी जोडी शिखरावर चढते ती आता पुढाकार घेते. दालनातला प्रत्येक जण प्रत्येकाला भेटतो, कुणीही कुणाला शोधत न जाता. गोफाची दोरी इथे दिसत नाही, पण वीण तीच.

आणखी एक खुबी आहे. त्या काळी सगळ्या जोड्या एकदम सुरू होत नसत. वरची जोडी सुरू करी. ती खाली सरकत येईपर्यंत बाकीचे समोरासमोर उभे. नाच संपायला बराच वेळ लागे, आणि एका जोडीदाराबरोबर रीतीने दोन नाच असत. म्हणजे दोन तरुण माणसांना सगळ्यांच्या देखत, तरीही कुणाला नीट ऐकू न येता, अर्धा तास बोलायला मिळे. एरवी एकांतात भेटणं निषिद्ध असलेल्या समाजाने दोघांना बोलण्यासाठी काढलेली ही जागा होती. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये एलिझाबेथ आणि डार्सी यांची नेदरफील्डच्या बॉलमधली ती प्रसिद्ध चकमक अशाच उभं राहण्याच्या वेळात घडते. वॉल्ट्झमध्ये मात्र जोडी रांग सोडून एकमेकांना धरून गिरक्या घेते. १८१६ मध्ये तो रीजंटच्या बॉलमध्ये नाचला गेला तेव्हा ‘द टाइम्स’ने कडाडून टीका केली.

शिष्टाचारांमागेही माणसांना भेटवण्याचीच योजना होती. अनोळखी स्त्रीला थेट विचारायचं नाही. असेंब्ली रूम्समध्ये समारंभप्रमुख ओळख करून देई. एकाला नकार दिलेल्या स्त्रीने उरलेले नाचही सोडायचे, ही रीत कठोर होती आणि ती आज पाळू नये. ओळख करून देण्याची रीत मात्र जरूर पाळावी, कारण एकट्याने आलेल्या पाहुण्याला तीच तारते. मध्यरात्रीच्या जेवणात बदाम आणि साय घातलेलं पांढरं सूप, आणि साखर, लिंबू, जायफळ घातलेली गरम पातळ वाइन असे. पहाटे थंडीत गाडीतून परतायचं म्हणून ही ऊब लागे.

या सगळ्याने माणसांना काय दिलं, ते एका पत्रात दिसतं. १७९८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तेवीस वर्षांच्या जेन ऑस्टिनने बहिणीला कळवलं की बॉलला ३१ माणसंच होती, त्यात बायका अकरा. पण वीस नाच झाले, ते सगळे ती नाचली आणि मुळीच दमली नाही. आणि बॉलच्या उजेडाबाहेर केवढा अंधार असू शकतो, तेही इतिहासात आहे. १५ जून १८१५ रोजी ब्रसेल्समध्ये डचेस ऑफ रिचमंडच्या बॉलला ड्यूक ऑफ वेलिंग्टन आला होता. बारा वर्षांपूर्वी आपल्या भोकरदनजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला तोच आर्थर वेलस्ली. नाच चालू असतानाच नेपोलियन चालून येत असल्याची खबर आली. अधिकारी तिथून थेट निघाले. काही जण दुसऱ्या दिवशी नाचाच्याच पोशाखात कात्र ब्रा इथे लढले. त्या रात्री पाहुणा असलेला ड्यूक ऑफ ब्रन्सविक तिथे मारला गेला. बॉलनंतर तीन दिवसांनी वॉटर्लूची लढाई झाली.

तेव्हा असा बॉल भरवायचा असेल तर क्रम ठेवा: आधी लाकडी जमिनीचं लांबट सभागृह, मग प्रत्यक्ष वाद्यं वाजवणारे तीन-चार जण, आणि पावलं मोठ्याने पुकारणारा एक जाणकार. नाचाआधी एक शिकवणी ठेवा. कोण कुठल्या रांगेत उभं राहील, हे ज्याचं त्याला ठरवू द्या. पोशाख पूर्ण नाही म्हणून कुणाला दारातून परत पाठवू नका. आणि जमल्यास एका चित्रकाराला दुपारी बोलवा.

तुम्ही पाहुणे म्हणून जाणार असाल तर तयारी चार महिने आधी सुरू करा, आतली चोळी पहिली शिवा, आणि नवे बूट घरात घालून सैल करून घ्या. पहिल्या नाचाला रांगेच्या मध्ये उभे राहा. वरच्या जोड्या तुमच्यापर्यंत येईतो सगळा नाच तुम्हाला बघून पाठ झालेला असेल, आणि तुमची पाळी येईल तेव्हा समोरची माणसं हात पुढे करून तुम्हाला आत घेतील.